वॉल्टर टल : मैदानावरून रणांगणाकडे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या पीटीच्या सरांनी पावसाळ्यात चिखलात फुटबॉल खेळवला, त्याची आठवण सकाळपासून निघते आहे. त्याच चेंडूच्या निमित्ताने आज एका परक्या मुलुखातल्या खेळाडूची गोष्ट सांगतो.

वॉल्टर टल १८८८ साली इंग्लंडमधल्या फोकस्टन गावी जन्मला. वडील बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार, आजोबांनी गुलामगिरी भोगलेली, आई इंग्रज. तो सात वर्षांचा असताना आई गेली, नऊ वर्षांचा असताना वडील. सावत्र आईला एवढी मुले पोसणे झेपेना. वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले, तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला. त्याच्याजवळ उरला चेंडू.

१९०९ साली टॉटनहॅमने त्याला घेतले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत खेळलेल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. तो शांतपणे खेळत राहिला. एका बातमीदाराने त्या प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून फटकारले; पण पुढे पहिल्या संघात त्याला फारशी संधी मिळाली नाही. १९११ साली तो नॉर्थॅम्प्टनला गेला आणि तिथे शंभरावर सामने खेळला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. फुटबॉल खेळाडूंची एक खास पलटण उभी राहिली, तीत तो डिसेंबरात भरती झाला. शिपायाचा सार्जंट झाला, सोमच्या लढाईत लढला. अधिकारी होणारा माणूस निखळ युरोपीय वंशाचा असावा, असा नियम होता. तरी मे १९१७ मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाला. आपल्या मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या. त्यांतल्या हिंदी माणसाला सुभेदार-मेजरच्या वर पायरी नव्हती. राजाचे कमिशन मोजक्या हिंदींना मिळाले तेही त्याच वर्षी. म्हणजे टलने ओलांडलेला उंबरठा केवढा होता, ते समजावे.

इटलीत पियावे नदीपलीकडच्या छाप्यात त्याने आपली माणसे नेली आणि सुखरूप परत आणली. वरिष्ठांनी त्याच्या धैर्याची लेखी नोंद केली. २५ मार्च १९१८ रोजी फ्रान्समध्ये तो गोळी लागून पडला. वय एकोणतीस. गोळीबार सुरू असताना त्याच्या शिपायांनी त्याला मागे ओढायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. देह सापडलाच नाही. अरासच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

आता ही गोष्ट मी इथे का सांगतो? आपल्या वर्गात वसतिगृहातला एक मुलगा होता. तांड्यावरून आलेला, पायात चप्पल नाही, पण पळायला वारा. “पास दे ना बे!” म्हणून तो ओरडायचा आणि आम्ही मुद्दाम द्यायचो नाही. काठावरची पोरे त्याच्या भाषेची नक्कल करून हसायची. मी कर्णधार होतो. मी हसलो नाही, पण कुणाला थांबवलेही नाही. दहावीआधीच त्याने शाळा सोडली. आज या मांडवात सगळे आहेत, तो नाही.

टलची गोष्ट वाचताना मी स्वतःला टलच्या जागी बघू शकलो नाही. मी दिसलो त्या ब्रिस्टलच्या गर्दीत, गप्प उभा. आणि टलला ओढायला गोळ्यांत गेलेले ते साधे शिपाई आठवले की मान खाली जाते. मला तर फक्त एक पास द्यायचा होता.

मित्रांनो, त्याचा पत्ता कुणाजवळ असेल तर मला द्या. पुढच्या मेळाव्याचे पहिले निमंत्रण मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देईन. माफीही तिथेच मागेन.