महाविद्यालयातील लष्करी शिक्षण आणि लोकसेवा

शिस्त हा शब्द आपल्या घराघरांत रोज उच्चारला जातो. परंतु त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. आईबापांच्या मते मुलाने सांगितलेले निमूटपणे ऐकणे म्हणजे शिस्त, तर शिक्षकांच्या मते वर्गात गडबड न होणे म्हणजे शिस्त. या दोन्ही कल्पनांत एकच उणीव आहे. वडीलधाऱ्यांची पाठ वळली की ही शिस्त संपते. महाविद्यालयात जे लष्करी शिक्षण दिले जाते, त्याने पाठ वळल्यावरही टिकणारी शिस्त अंगी बाणते काय, आणि बाणत असल्यास समाजाला तिचा उपयोग कोणता, या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. पहिले महायुद्ध चालू असता १९१७ साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व अलाहाबाद येथे विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांच्या पलटणी उभारण्यात आल्या. तरुणांनी संरक्षणदलात शिरावे आणि शस्त्रविद्या हस्तगत करावी, असा लोकमान्य टिळकांचाही त्या काळी आग्रह होता. १९२० च्या कायद्यानंतर या पलटणींस युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर हे नाव मिळाले, आणि १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमाळीत, त्यात ‘ऑफिसर्स’ हा शब्द घालण्यात आला. हा बदल केवळ नावाचा समजू नये. विद्यार्थी हा नुसता हुकूम झेलणारा शिपाई नसून उद्या इतरांची जबाबदारी घेणारा अधिकारी व्हावयाचा आहे, ही कल्पना त्या एका शब्दात होती. मात्र परकीय सरकारचा आपल्या तरुणांवर मनापासून विश्वास नव्हता. त्यामुळे ती कल्पना बहुतांशी कागदावरच राहिली.

तिला खरे रूप आले ते स्वराज्याच्या उंबरठ्यावर. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिने १९४७ च्या मार्चमध्ये अहवाल दिला, आणि त्यावरून १९४८ च्या एप्रिलमध्ये कायदा होऊन जुलैत राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला.

आता या समितीचे अध्यक्ष कोण होते, याकडे लक्ष द्यावे. कुंझरू हे सेनापती नव्हते. आयुष्यात त्यांनी कधी गणवेश चढवून युद्ध केले नाही. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात ज्या भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, स्थापना केली, त्या समाजाचे ते आजीव सदस्य आणि १९३६ पासून अध्यक्ष होते. बालवीर चळवळीतही त्यांनी पुष्कळ वर्षे घालविली होती. अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा करण्याचे व्रत घेतलेल्या माणसाकडे लष्करी शिक्षणाची योजना आखण्याचे काम यावे, हे अर्थपूर्ण आहे. छात्रसेनेच्या पायात लोकसेवेचा दगड पहिल्यापासून आहे, तो असा. कायद्यानेही हीच मर्यादा पाळली आहे. छात्रसेनेत नाव घातले म्हणून कोणाही विद्यार्थ्यावर प्रत्यक्ष लष्करात जाण्याचे बंधन येत नाही. वकील, वैद्य, कारकून, शेतकरी यांपैकी काहीही होण्यास तो मोकळा असतो.

या कामात आपल्या कोकणचाही वाटा आहे. आझाद हिंद सेनेतील मेजर जनरल जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीकडील तिरोडे गावचे. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असता त्यांनी १९५४ साली निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. ज्यांचे घरदार फाळणीत गेले, अशा मुलांना भोसल्यांनी कवायत, व्यायाम, समूहगान आणि थोरांच्या कथा दिल्या. रणांगण पाहिलेल्या सेनानीस शिस्तीचा उपयोग सर्वांत आधी दिसला तो पोरक्या मुलांना उभे करण्यात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तथापि या इतिहासात एक धडाही आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देशात जी खळबळ उडाली, तिच्या भरात १९६३ साली छात्रसेना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली. हेतू उत्तम होता. परंतु सक्ती फार दिवस टिकली नाही आणि १९६८ साली हे शिक्षण पुन्हा ऐच्छिक झाले. याचा बोध असा की, संख्या हुकमाने वाढविता येते, निष्ठा तशी वाढविता येत नाही. मन नसलेला विद्यार्थी पावले जुळवितो, पण त्या पावलांबरोबर त्याच्या अंतःकरणात काहीच हलत नाही. आज ही सेना ऐच्छिक असूनही १९४८ सालच्या सुमारे वीस हजारांवरून कित्येक लाखांवर गेली आहे, हे त्याचेच दुसरे प्रमाण होय.

मग या कवायतीतून घडते तरी काय? माझ्या मते तिचा गाभा बंदुकीत नाही, पायऱ्यांच्या रचनेत आहे. पहिल्या वर्षी मुलगा केवळ हुकूम पाळतो. पुढे तो लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट होतो, आणि शेवटी अंडर ऑफिसर होऊन आपल्याच वर्गातल्या मुलांसमोर उभा राहतो. बरोबरीच्या मित्रांना हुकूम देणे ही सोपी गोष्ट नव्हे. आवाज चढवून ते साधत नाही. शिबिरात सर्वांच्या आधी उठावे लागते, सर्वांचे जेवण झाल्यावर ताट घ्यावे लागते, एकाची चूक झाली तर तिचा जाब आपण द्यावा लागतो. आज्ञा देण्याचा अधिकार कष्टाने कमवावा लागतो, हे पुस्तकातून न शिकविता येणारे ज्ञान येथे विसाव्या वर्षी मिळते. त्यांना शिकविणारे प्राध्यापकही नागपूरजवळच्या कामठी येथील प्रबोधिनीत स्वतः रांगेत उभे राहून शिकून आलेले असतात. शिक्षकाने आधी विद्यार्थी व्हावे, ही अट इतर किती विषयांत आपण घालतो?

या शिक्षणाचे फळ कोठे दिसते, तेही सांगतो. मी राहतो ते पळस्पे गाव पनवेलजवळ, पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता जेथे वेगळा होतो त्या फाट्यावर आहे. पावसाळ्यात येथे अपघात नवे नाहीत. एका रात्री टेंपो उलटला. भोवती पन्नास माणसे जमली, हळहळली, आणि बरीचशी नुसती पाहत राहिली. त्या गर्दीत माझा एक जुना विद्यार्थी होता. महाविद्यालयात छात्रसेनेत तीन वर्षे काढलेला. त्याने दोघांना बॅटऱ्या देऊन मागच्या वळणावर वाहने थोपविण्यास पाठविले, एकास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावयास लावले, आणि पाठीला मार बसलेल्या चालकास ओढून काढू पाहणाऱ्यांना ठामपणे अडविले. शौर्याचे असे त्यात काही नव्हते. पण दया त्या पन्नासांच्याही मनात होती. तिला कामाला कसे लावावे, हे एकालाच माहीत होते. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वांस मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही संरक्षण आले. कायद्याने भीती दूर होते. कसब मात्र शिकावेच लागते.

या शिक्षणावर आक्षेप घेतला जातो तो असा की, त्याने तरुण आज्ञाधारक होतात, पण विचार करीनासे होतात. हा धोका काल्पनिक नाही. लोकशाहीत हुकमाची सवय डोळस असली पाहिजे. गणवेशाचा दरारा शेजाऱ्यावर गाजविणारा तरुण काही शिकला असे म्हणता येणार नाही. म्हणूनच हे शिक्षण बराकीत न देता महाविद्यालयात देणे इष्ट आहे. सकाळी मैदानावर ‘सावधान’ ऐकणारा विद्यार्थी दुपारी वर्गात प्रश्न विचारतो. या दोन सवयी एकाच माणसात नांदणे, यालाच मी नागरिकत्वाचे शिक्षण म्हणतो.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे, आणि तो आपल्या घरातच आहे. मुलाने छात्रसेनेत नाव घातले की आपण प्रथम विचारतो, याचे गुण किती मिळतील? ‘सी’ प्रमाणपत्राने नोकरीत सवलत मिळते काय? ती मिळते, आणि मिळावी. सैन्यात अधिकारी होण्याची एक वाटही त्यातून आहे. परंतु प्रमाणपत्र हाती पडताच ज्याचा गणवेश कायमचा पेटीत जातो आणि गणवेशाबरोबर सवयीही जातात, त्याने तीन वर्षे देशाचे अन्न व कापड वाया घालविले, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा पालकांना एवढीच विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, पहाटे कवायतीला निघाली तर तिला अभ्यासाच्या नावाखाली अडवू नका. शिबिरातून परत आल्यावर गुणांची चौकशी करण्यापूर्वी, तेथे कोणाचे ओझे उचललेस, असे विचारा. आणि गल्लीतल्या पुरात, आगीत, अपघातात ती पुढे होऊ लागली, तर काळजीपोटी तिचा हात मागे ओढू नका. त्याच प्रसंगासाठी तिने तीन वर्षे उन्हात पावले जुळविली आहेत.