हृदयाचा ताल आणि रक्ताचा वारसा



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काय ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने शिकवले. तरी या विषयावर बोलतो आहे, त्याला कारण आहे. एका कारखान्यात पाळीचा भोंगा होताच एक तरुण कामगार दोनदा कोसळला. "प्यायला असेल," म्हणून साहेबांनी त्याला घरी बसवले. त्याची थोरली बहीण पहाटे गजराचे घड्याळ वाजताच गेली होती. घरचे म्हणत, बाहेरची बाधा.

हृदयाचा आलेख काढला तेव्हा विकाराचे नाव कळले : लाँग क्यूटी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा सज्ज व्हावे लागते. त्यासाठी पोटॅशियम बाहेर सोडणारी सूक्ष्म दारे असतात. ती नीट उघडली नाहीत तर उशीर होतो, आणि त्यातच दचका बसला तर ताल बिघडतो. माणूस पडतो, कधी मरतो.

सन १९५७ मध्ये नॉर्वेतील येर्वेल व लांग-निल्सेन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. सहा मुले, चार जन्मतः बहिरी आणि घेरी येऊन पडणारी. त्यांतली तीन दगावली. आईबाप मात्र धडधाकट! पुढे अमेरिकेत युटा येथे मार्क कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या. (वंशावळ जमिनीच्या दाव्यात लागते, एवढेच मला ठाऊक होते.) कोण पडतो, कोण नाही, याचा रक्ताशी मेळ घालीत १९९१ साली ते अकराव्या गुणसूत्रापर्यंत पोचले. १९९५ साली दुसऱ्या गुणसूत्रांवरची दोन जनुके सापडली, १९९६ साली अकराव्यावरचे. नॉर्वेतल्यासारख्या मुलांत बहुधा हेच जनुक आईकडून आणि बापाकडूनही सदोष आलेले असते, हे १९९७ साली उमगले. कानालाही तीच दारे लागतात, म्हणून बहिरेपण. एका जनुकाच्या दोषात पोहणे घातक, दुसऱ्याच्या दोषात गजर.

आमच्या पोराला आता रोजची गोळी आहे. प्रश्न त्याच्या धाकट्या भावाचा. दोष त्याच्यातही असण्याची शक्यता निम्मी, आणि तो त्याच कारखान्यात हंगामी. "काका, साहेबांना कळले तर कायम करतील का?" अमेरिकेत २००८ साली कायदा झाला : जनुकांच्या तपासणीवरून मालकाला नोकरी नाकारता येत नाही. आयुर्विम्याला मात्र तो लागू नाही, ही त्यातली मेख. मी त्याला म्हटले, बाबा, तपासणी कर, कागद स्वतःजवळ ठेव. भोंग्याच्या जागी दिवा लावावा, असा अर्ज आम्ही दिला आहे. उत्तर अजून आलेले नाही.