बरगड्या जाळीवर

आखाड आला की श्रावण लागायच्या आत घरोघरी एक-दोन रविवार मटणाचे होणार, आणि बहुतेक घरी ते कुकरमध्येच शिजणार. नळीचा, मांडीचा रस्सा कुकरमध्ये उत्तम होतो, त्याबद्दल वाद नाही. बरगड्यांचं मात्र वेगळं आहे. केकसाठी घेतलेला ओटीजी ज्यांच्या ओट्यावर आहे, त्यांनी या खेपेला बरगड्या जाळीवर भाजून पाहाव्यात, असं मी आग्रहाने सांगणार आहे.

मटणवाल्याकडे चाप मागितलं की त्याचा सुरा लगेच चालू लागतो. त्याआधीच सांगा, "भाऊ, तुकडे नकोत. सहा-सात बरगड्यांचा सलग पट्टा द्या." सुटे तुकडे ओव्हनमध्ये वाळतात, सलग पट्ट्यात हाडांमधलं मांस ओलं राहतं. घरी आल्यावर पट्टा उलटा करा. आतल्या बाजूने हाडांवर पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. कोपऱ्यात सुरीचं टोक घालून तो जरा सुटा करायचा, कोरड्या फडक्यात धरायचा आणि ओढायचा. नुसत्या हाताने तो निसटतो. तो राहिला तर त्या बाजूने मसाला लागत नाही आणि खाताना चिवट लागतं.

मीठ, हळद, आलं-लसूण-मिरचीचं वाटण आणि थोडं घट्ट दही लावून पट्टा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कच्ची पपई जपूनच. जास्त झाली की वरचं मांस पिठूळ होतं.

आता जाळी. पट्टा सरळ ट्रेमध्ये ठेवला तर तो सुटलेल्या पाण्यात आणि चरबीत बसून राहतो. खालची बाजू भाजतच नाही, नुसती उकडते. म्हणून ट्रेमध्ये बसेल अशी पायांची जाळी घ्या. ट्रेमध्ये कपभर पाणी घाला, नाहीतर गळलेली चरबी तापलेल्या पत्र्यावर जळून घरभर धूर होतो.

हाडांची बाजू खाली, वरून ट्रेच्या काठापर्यंत घट्ट फॉइल, १५० अंश, दोन तास. इतका वेळ का, तर बरगड्यांभोवतीच्या चिवट तंतूंमध्ये कोलॅजन असतं. मांस आतून ७० अंशांच्या वर जाऊन तिथे बराच वेळ राहिलं, की त्याचं हळूहळू जिलेटिन होतं आणि मांस मऊ पडतं. सुरुवातीलाच आच मोठी ठेवली तर मांस आक्रसतं, कोरडं पडतं आणि चिवटपणा तसाच राहतो. बोकड जून असेल तर आणखी अर्धा तास द्या. मांस हाडाच्या टोकापासून मागे सरकलं आणि हाड पिरगळल्यावर सैल लागलं, की शिजलं समजा.

मग फॉइल काढा, तुपाचा हात फिरवा आणि २२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खरा खरपूसपणा इथे येतो. गूळ किंवा मध लावायचा तर शेवटच्या पाच मिनिटांत, आधी लावला तर करपून कडू होतो. या वेळात ओव्हनसमोरून हलू नका. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून मगच बरगड्या सुट्या करा.

आणि ट्रेमधलं पाणी कृपा करून मोरीत ओतू नका. मांसाचा सगळा रस त्यात उतरलेला असतो. गाळून घ्या आणि त्याच दिवशीच्या भाताला वापरा.