सालगडी, उचल आणि आपण
(जिल्हा बैठकीतील भाषण)



'मालक' म्हटलं की आपल्याला हसू येतं. सोसायटीचं देणं डोक्यावर, कापूस व्यापाऱ्याच्या दारात. आपण कसले मालक? पण पाडव्याला सालगडी ठेवला, निंदणीला चार बाया लावल्या, की कायद्याच्या नजरेत आपण मालकच. पाच एकर कोरडवाहू आहे की पन्नास, हे तिथं कोणी विचारत नाही.

आज एकाच गोष्टीबद्दल बोलू. उचलीबद्दल.

साल ठरतं तेव्हा गड्याला पोरीच्या लग्नाला, घर शाकारायला पैसे लागतात. आपण देतो. यात गुन्हा नाही. "उचल फिटल्याशिवाय दुसरीकडं जायचं नाही" असं म्हटलं, उचलीपोटी मजुरी नावापुरती ठेवली, गडी आजारी पडला म्हणून त्याच्या बायकोला वेठीला धरलं, की गुन्हा झाला. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे. असली उचल कायद्यानं बुडालीच. तिच्या वसुलीचा दावाही चालत नाही. आणि गड्यानं तक्रार केली, तर हे कर्ज वेठीचं नव्हे हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा वेठच.

मग आपल्याला हक्क काहीच नाही का? आहे. काम काय, सुट्ट्या किती, पगार किती, हे ठरवून घ्यायचा हक्क आहे. मजुरी पुरी दिली आणि जायची मोकळीक ठेवली, तर दिलेली उचल हे साधं देणं राहतं. फक्त पुरावा हवा. म्हणून वह्या दोन करा, एक गड्याच्या घरी. तारीख, उचल, पगार, खाडे, दिलेली ज्वारी, सगळं त्यात लिहा. वाचून दाखवा, मग सही घ्या. आमच्याही घरच्या वहीत एकाच गड्याची बाकी साल-दर-साल पुढं ओढलेली सापडली. कशाची बाकी, ते आम्हालाही सांगता आलं नाही.

कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, पुरी मजुरी आणायची कुठून? प्रश्न खरा आहे. पण उत्तर गड्याच्या पोटातून काढायचं नाही. शेतीकामाची किमान मजुरी सरकार ठरवतं. मग हमीभावाच्या हिशेबात निदान तीच मजुरी धरा, असं ठणकावून सांगू. मात्र जी मजुरी आपण दिलीच नाही, ती खर्चात कोणत्या तोंडानं दाखवणार?

सावकाराच्या वहीनं आपले बापजादे बांधले गेले. तशी वही आपल्या घरात नको. येत्या पाडव्याआधी जुनी वही उघडा आणि गड्याला समोर बसवून हिशेब मिटवा.