एका चौकटीत दोन चित्रं

घरात जुना रोलचा कॅमेरा पडून असेल, तर त्याच्या एका खेळाविषयी आज बोलू. एकाच चौकटीवर दोन फोटो, म्हणजे डबल एक्स्पोजर.

1982 साली आलेल्या निकॉन एफएम 2 मध्ये त्यासाठी वेगळी कळच आहे. ती ओढून धरत रोल पुढे नेणारा खटका फिरवला, की शटर सज्ज होतं, फिल्म मात्र जागची हलत नाही. पेंटॅक्स के 1000 ला अशी कळ नाही. तिथे रोल मागे गुंडाळायची मूठ घट्ट धरायची, तळाचं बटण दाबायचं, मग खटका फिरवायचा. कधी चौकट जराशी सरकते, सरकू द्या!

फिल्मवर उजेड दोनदा पडणार, म्हणून प्रत्येक वेळी निम्माच द्यायचा. 200 ची फिल्म असेल तर फिल्मच्या वेगाची तबकडी 400 वर ठेवा.

खरी गंमत अंधाराची. पहिल्या फोटोत जिथे उजेड पडलाच नाही, तिथेच दुसरं चित्र स्वच्छ उमटतं. म्हणून आधी उजळ आभाळापुढे उभ्या माणसाची काळी आकृती टिपा. या फोटोला उजेड निम्मा करू नका, आभाळ पांढरंच हवं. मग पानांनी भरलेलं झाड टिपा. पानं फक्त त्या आकृतीच्या आत दिसतील. मला विचाराल तर पहिला प्रयोग हाच करावा.

आणि हो, रोल धुवायला देताना तो 200 चाच समजून धुवा, असं दुकानदाराला आठवणीने सांगा.