स्टिअरिंग आपल्या हातात, मग दुरुस्ती कुणाच्या हातात?

(सिहोरा, जि. भंडारा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या कितीतरी जणी आता गाडी चालवतात. तुमसरला कोर्टाची तारीख असो, भंडाऱ्याच्या दवाखान्यात अडलेल्या बाईला न्यायचं असो, की रात्री-बेरात्री ठाण्यात तक्रार द्यायची असो, गटाची जीप आपणच काढतो. पण गाडी बिघडली की आपण चार पावलं मागे सरतो आणि कुणातरी भावाला, मुलाला पुढे करतो. मला आज या चार पावलांबद्दल बोलायचं आहे.

आपली जीप जुनी, विलिस बनावटीची महिंद्रा. मध्यंतरी तिचं स्टिअरिंग सैल झालं. चाक थोडं फिरवलं तरी गाडी वळेना, आणि खड्ड्यात गेली की पुढची चाकं थरथरायची. मिस्त्री याला 'प्ले' म्हणतात. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "बाई, तुम्हाला नाही कळायचं, घरच्या माणसाला पाठवा." मग न विचारताच स्टिअरिंग बॉक्स बदलला. पैसे गेले, प्ले तसाच राहिला.

दोष होता दुसरीकडेच. या जीपमध्ये स्टिअरिंग बॉक्सचा दांडा थेट चाकांना जोडलेला नसतो. बॉक्सखालचा पिटमन आर्म ड्रॅग लिंकला ढकलतो. ती लिंक पुढच्या आडव्या पट्टीवर बसवलेल्या एका कोनी तुकड्याला फिरवते. त्याचं नाव बेल क्रँक. तिथून दोन टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. बेल क्रँक एका खुंटीभोवती फिरतो आणि मध्ये सुईसारख्या बारीक बेअरिंग असतात. जागा अडचणीची, चिखल-धूळ थेट अंगावर, आणि ग्रीस देताना हमखास राहून जाणारी. वरून पाहिलं तर दिसत नाही, म्हणून कुणी पाहतही नाही.

तपासायला मोठं यंत्र लागत नाही, दोघी जणी लागतात. जीप सपाट जमिनीवर उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. एकीनं स्टिअरिंग हळूहळू थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं. दुसरीनं खाली पडून प्रत्येक सांध्यावर बाहेरून हात ठेवायचा, बोटं फटीत घालायची नाहीत. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी तिच्यामागे उशिरा हलते, तो झिजला. आमच्या हाताला तो बेल क्रँकवर लागला.

दुरुस्ती करवून घेतानाही चार गोष्टी माहीत हव्यात. बेअरिंग खुंटीवरच फिरते, म्हणून खुंटी झिजली असेल तर नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. बॉल जॉइंटच्या नटातली कॉटर पिन जुनी परत वापरू द्यायची नाही. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग करू द्यायचं नाही. तो तुटला तर माणसं जातात. काम झालं की ग्रीस भरून घ्या, चाकांची दिशा तपासून घ्या, आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.

हे सगळं आपल्याला कळण्यापलीकडचं आहे का? रोवण्याच्या दिवसांत दिवसभर वाकून पऱ्हे लावणारी, बारीक तेंदूपानाची विडी डोळे मिटून वळणारी, शिवणयंत्राचा अडकलेला धागा काढणारी बाई बेअरिंग ओळखू शकत नाही, असं कोण म्हणेल? पण वर्षानुवर्षं तसंच मानलं गेलं. 1948 च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राचे भाग साफ करणं, त्यांना तेल देणं हे धोक्याचं काम स्त्रियांना द्यायचं नाही, असं कलम होतं. 1952 च्या खाण कायद्यानं जमिनीखालच्या कामाला स्त्रियांना मनाई केली; ती 2019 मध्ये सैल झाली. आपल्याच तालुक्यात चिखल्याची मँगनीजची खाण आहे. संरक्षण म्हणून आखलेल्या रेषेनं कौशल्य आणि मजुरी, दोन्ही आपल्यापासून दूर ठेवली. धोका खरा होता. पण त्यावरचा इलाज बाईला बाहेर ठेवणं हा नव्हता, सगळ्यांसाठी काम सुरक्षित करणं हा होता.

याला उत्तर देणाऱ्या बाया होऊन गेल्या आहेत. 1990 च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून खेड्यातल्या, बहुतेक दलित, बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणं बाईचं, पण पंप पुरुषाचा, ही वाटणी त्यांनी मोडली. दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट नगरात शांतीदेवींनी ट्रकची अवजड चाकं काढली, पंक्चर काढली आणि त्यावर घर चालवलं.

प्रत्येक बाईनं गाडीखाली झोपावं, असं मी म्हणत नाही. पण ज्या गाडीच्या भरवशावर मारहाणीतून सुटलेली बाई आपण मध्यरात्री बाहेर काढतो, त्या गाडीचं ज्ञान सगळंच परक्याच्या खिशात ठेवणं आपल्याला परवडणारं नाही. तेव्हा माझी मांडणी साधी आहे. प्रत्येक गटातून दोघींनी दुरुस्ती शिकावी. गटाच्या पैशातून पाने, ग्रीस गन आणि गाडी टेकवायच्या दोन पक्क्या घोड्या घ्याव्यात. जीपची एक वही ठेवावी: कधी ग्रीस दिलं, काय बदललं, किती पैसे गेले. आणि मुलींना आयटीआयमध्ये पाठवताना शिवणकामाच्या रांगेतच उभं करू नका. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही त्यांचाच आहे.

पुढच्या बैठकीला येताना जुने कपडे घालून या. जीप इथेच उभी असेल. नावं आजच द्या.