रिकाम्या रकान्याचं उत्तर



 अध्यक्षीय भाषणात सगळ्या क्षेत्राचा आढावा घेण्याची रीत आहे. पण उपग्रह, ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर या परिषदेत जाणकार मंडळी बोलणारच आहेत. मी एकच विषय घेतो: नकाशाला आपण प्रश्न कसा विचारतो, आणि त्याच्या उत्तरातून कोण गळून पडतं.

पूर्वी नकाशा बघायचा असे, आता तो विचारायचा असतो. ब्राउझरमध्ये लेअर उघडायचा, फिल्टरच्या चौकटीत फील्ड निवडायचं, बरोबर की मोठं की लहान ते चिन्ह घालायचं, किंमत लिहायची. अटीत बसणारी गावं, विहिरी, शाळा लगेच रंगून समोर येतात. ज्या कामासाठी एकेकाळी खास सॉफ्टवेअर आणि शिकलेला ऑपरेटर लागे, ते आज पत्रकार करतो, ग्रामपंचायतीतला कर्मचारी करतो, शेतकऱ्याची कॉलेजात जाणारी मुलगी करते. याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्या उत्तरावर विसंबणाऱ्या माणसाला आपण काय हातात देतो, याची काळजी वाटते.

डॉ. जॉन स्नो यांचं नाव इथे कुणाला नवीन नाही. 1854 ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, त्याभोवती दाटलेल्या मृत्यूंच्या काळ्या रेघा. तो नकाशा आपल्या पाठ्यपुस्तकांत असतोच. मला त्यांचं त्याच साथीतलं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं. दक्षिण लंडनच्या कितीतरी वस्त्यांत दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनीनं 1852 मध्ये पाणी उचलण्याची जागा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली होती. साउथवर्क अँड वॉक्सॉल कंपनी मात्र शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणीच पुरवत होती. इथे घरांचे ठिपके मांडून काहीही कळलं नसतं, कारण जागा एकच. फरक होता घराच्या नोंदीत: पाणी कुणाचं? स्नो यांनी घरं त्या नोंदीवरून निवडली. साउथवर्क अँड वॉक्सॉलच्या घरांत दर 10,000 घरांमागे 315 मृत्यू निघाले, लॅम्बेथच्या घरांत 37. आज आपण जिला ॲट्रिब्यूट क्वेरी म्हणतो, ती हीच.

याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. बऱ्याच घरांत भाडेकरू राहत आणि पाणीपट्टी घरमालक भरत. पाणी कुठल्या कंपनीचं, हे भाडेकरूंना ठाऊकच नसे. म्हणजे रकाना रिकामा. स्नो यांनी ती घरं सोडून दिली नाहीत. तिथलं पाणी घेऊन ते सिल्व्हर नायट्रेटनं तपासलं. दोन कंपन्यांच्या पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणात इतकी तफावत होती की पुरवठा कुणाचा ते ओळखता येई. रिकामा रकाना त्यांनी उंबऱ्यापर्यंत जाऊन भरला. आपल्या कामात हा हट्ट कमी पडतो आहे, आणि वेब नकाशा सोपा झाल्यापासून तो आणखी कमी झाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडचं एक उदाहरण घेऊ. समजा, सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांचा विहिरींचा लेअर आहे. त्यात ‘एप्रिलमध्ये पाणी’ असा रकाना आहे. काही ओळींत ‘आहे’, काहींत ‘नाही’, आणि जिथे कुणी पोचलंच नाही तिथे काहीच नाही. टंचाईची यादी हवी म्हणून आपण विचारतो: ज्यांची किंमत ‘आहे’ नाही, अशा विहिरी दाखव. ऐकणारा म्हणेल, यात पाणी नसलेल्या आणि माहिती नसलेल्या अशा दोन्ही विहिरी येतील. पोस्टजीआयएससारख्या डेटाबेसवर चालणाऱ्या नकाशात तसं होत नाही. एसक्यूएलमध्ये खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं मूल्य असतं: अज्ञात. रिकाम्या किमतीची तुलना कशाशीही केली की उत्तर अज्ञात येतं, आणि फिल्टर फक्त ‘खरं’ ठरलेल्या ओळी आत घेतो. त्यामुळे रिकाम्या विहिरी ‘आहे’च्या यादीत नसतात आणि ‘आहे नाही’च्या यादीतही नसतात. त्या नकाशावरून नाहीशा होतात.

अशाच धाटणीचा प्रश्न ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीला ओव्हरपास या शोधसाधनातून विचारला तर उलटं घडतं. तिथे ‘बरोबर नाही’ म्हटलं, की ज्यांच्यावर तो टॅगच लावलेला नाही अशा वस्तूही उत्तरात येतात. व्हीलचेअर जाऊ शकत नाही अशा इमारती मागाव्यात, तर कुणी कधी पाहिलेल्याही नाहीत अशा सगळ्या इमारती हजर. एका साधनात न पाहिलेलं गाव टंचाईतून सुटतं, दुसऱ्यात न पाहिलेली इमारत दोषी ठरते. दोन्ही प्रणाली आपापल्या नियमांनी बरोबर चालतात. बटण दाबणाऱ्याला तो नियम कुणी सांगितलेला नसतो, ही खरी अडचण आहे.

यावर एक सोपी तपासणी आहे आणि ती प्रत्येकानं अंगवळणी पाडावी. ‘आहे’ अशी नोंद असलेल्या किती, ‘नाही’ अशी नोंद असलेल्या किती, हे दोन्ही आकडे काढा आणि त्यांची बेरीज लेअरमधल्या एकूण संख्येशी लावून बघा. बेरीज कमी भरली, तर जी तूट येईल तिथे आधी जीप पाठवा. कारण डांबरी रस्त्यालगतच्या गावाचा रकाना सहसा रिकामा राहत नाही. तो राहतो डोंगरावरच्या वाडीचा, गावठाणापासून लांबच्या वस्तीचा. टँकरची गरज जिथे असण्याचा संभव जास्त, तिथलीच नोंद कोरी असते.

बाकीच्या काही चुका झटपट सांगतो, कारण त्या टाळणं कठीण नाही. तालुका माण किंवा तालुका खटाव आणि पाणी नाही, अशी अट कंसाशिवाय लिहिली तर ‘आणि’ आधी जोडलं जातं. मग खटावमधल्या कोरड्या विहिरी येतात आणि माणमधल्या झाडून सगळ्या. लोकसंख्येचा रकाना मजकूर म्हणून साठवला असेल, तर 1200 ही संख्या 500 पेक्षा लहान ठरते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. आणि 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यात पालघर जिल्हा शोधला तर शून्य गावं मिळतात. पालघर ठाण्यापासून वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं 2023 मध्ये बदलली, अहमदनगरचं 2024 मध्ये. माहिती कोणत्या तारखेची आहे, हे लेअरवरच लिहिलेलं नसेल तर शून्य हे उत्तर आहे की चूक, हे नागरिकानं कसं ओळखावं?

मराठीतल्या नोंदींबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. सातारा जिल्ह्यातलंच कऱ्हाड घ्या. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. हा फरक डोळ्यांना निदान दिसतो. पण पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन ‘कऱ्हाड’ असू शकतात. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, मग हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की टंकन बदलतं. ‘बरोबर’ची अट लावली की यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननं हा भेद मिटत नाही. तो आपल्यालाच नियम लिहून मिटवावा लागतो. या त्रासाला कंटाळून नावांचे रकाने इंग्रजीत ठेवावेत, असा सल्ला काही जण देतात. मला तो मान्य नाही. गावाची ओळख कोडवर ठेवा. जनगणनेनं 2011 मध्ये प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे. लेअर जोडायचे ते कोडवर. पण शोधण्याच्या चौकटीत माणसाला त्याच्या भाषेत गावाचं नाव लिहिता आलंच पाहिजे, कराड असो वा कऱ्हाड. ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावासाठी आणि पर्यायी नावासाठी वेगवेगळे टॅग आहेत. इथल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यापुरते ते भरले, तरी फार मोठं काम होईल.

योगायोग असा, की ब्रॉड स्ट्रीटच्या साथीच्याच वर्षी, 1854 मध्ये, जॉर्ज बूल यांचा विचारांच्या नियमांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं जे गणित आज प्रत्येक फिल्टरच्या पोटात आहे, ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. बूल यांचं गणित आपल्याला सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळालं. स्नो यांची पायपीट सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाही, तिच्यासाठी माणसं आणि वेळ द्यावा लागतो. सर्वेक्षणाच्या निधीला कात्री लावून पोर्टलच्या देखणेपणावर खर्च करणं मला चुकीचं वाटतं, आणि या व्यासपीठावरून ते सांगणं मी माझं कर्तव्य समजतो.

माझी परिषदेला विनंती आहे की समारोपाच्या सत्रात एक ठराव मांडावा. लोकांसाठी खुल्या असलेल्या प्रत्येक वेब नकाशावर निवडीची अट साध्या मराठीत, नकाशाखालीच दिसावी. ज्यांची माहिती नाही अशी गावं आणि विहिरी वेगळ्या रंगात दाखवल्या जाव्यात, वगळल्या जाऊ नयेत, आणि त्यांची संख्या शेजारी छापलेली असावी. प्रत्येक रकान्यात कोणत्या किमती असू शकतात आणि नोंद केव्हाची आहे, याचा खुलासा लेअरबरोबर मिळावा. यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही. आहे त्या साधनांत हे सगळं करता येतं. ठरावाचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. आपण तो वाचावा, त्यात दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि पटला तर परत गेल्यावर आपल्या कार्यालयातल्या एका तरी नकाशापासून सुरुवात करावी.